तिसऱ्यांदा विचारा

शशिकांतराव गर्गे हॉटेलात शिरले की मेन्यूकार्ड नंतर बघतात, आधी टेबलाच्या कडेखालून बोट फिरवतात. बोट चिकट लागलं की उठतात. मग सोबत कोण आलंय, कुणाचा वाढदिवस आहे, केक कापायचा राहिलाय का, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवरचे निम्मे दुकानदार या लुकड्या, टोपीवाल्या म्हाताऱ्याला ओळखून आहेत. फरसाणाच्या काउंटरपाशी उभं राहून तो नुसत्या वासावरून तेल किती शिळं ते सांगतो, आणि कुणी विचारलेलं नसताना सांगतो. त्यांच्या नातीने, इशिताने, आजोबांबरोबर बाहेर जेवायला जाणं केव्हाच सोडून दिलंय.

दोष त्यांचा नाही. नाशिक, सोलापूर आणि परत नाशिक अशी उभी हयात त्यांनी सरकारी अन्न निरीक्षक म्हणून काढली. दुकानदार 'या साहेब, बसा, चहा घ्या' म्हणाला की तो काहीतरी लपवतोय, हे त्यांचं पहिलं सूत्र. तो चहा घ्यायचा नाही, हे दुसरं. या दोन सूत्रांवर त्यांनी नोकरी केली, भरपूर शत्रू जोडले आणि एक पैसा न खाता निवृत्त झाले. मग केदारने, त्यांच्या मुलाने, आईवडिलांना न्यू जर्सीला आणलं. इथे धाड घालायला काही उरलं नाही, म्हणून ते घरातल्या फ्रिजवर धाड घालत. सून शिवांगी बिचारी दह्याच्या डब्यावरची तारीख आधी स्वतः वाचून मगच तो आत ठेवायची.

अशा माणसाच्या बायकोला नर्सिंग होममध्ये ठेवायची वेळ आली.

शुभाताईंना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. वाचा राहिली, डोकं शाबूत राहिलं, पण गिळणं अवघड झालं. पाणीसुद्धा पावडर घालून पेजेसारखं दाट करून द्यावं लागे, नाहीतर ठसका लागून ते फुप्फुसात जायची भीती. "मी बघतो तिला," असं शशिकांतराव म्हणाले आणि त्यांनी खरंच बघितलं, पण एक दिवस बाथरूममध्ये दोघंही एकमेकांना धरून पडले. केदार न्यूयॉर्कच्या ऑफिसातून धावत आला, तेव्हा आई जमिनीवर आणि वडील तिच्या डोक्याखाली स्वतःची मांडी घालून बसलेले. त्यानंतर वाद संपला.

केदारने लॅपटॉप उघडला. "बाबा, हे बघा, फाइव्ह स्टार आहे. सरकारी रेटिंग आहे, असं तसं नाही."

"तारे आकाशात असतात," शशिकांतराव म्हणाले. "संडास कुठेय ते दाखव."

त्या नर्सिंग होमच्या नावात मेपलचं झाड होतं आणि आवारात फक्त पार्किंग. शशिकांतरावांनी तिथे तपासणी केली ती अशी की दाखवायला आलेल्या बाईला घाम फुटला. त्यांनी पलंगाच्या दांड्यांखालून बोट फिरवलं. चादरी हुंगल्या. हॉलमध्ये रांगेने चाकाच्या खुर्च्यांत बसलेल्या म्हाताऱ्यांची नखं बघितली, कारण नखं कापलेली असली तर बाकीचं बहुधा ठीक असतं असा त्यांचा हिशेब. नखं कापलेली होती. बेल वाजवून बघितली, नर्स आली. स्वयंपाकघर बघू द्या म्हणाले, त्यांनी डोक्याला जाळी घालायला देऊन बघू दिलं. कुठे काही सापडलं नाही, आणि सगळ्यात मोठा संशय त्यांना त्याचाच आला.

पण दुसरं काही जवळ नव्हतं. शुभाताई तिथे राहायला गेल्या.

शशिकांतरावांचा दिनक्रम ठरला. गाडी त्यांना चालवता येत नाही, म्हणून काउंटीची म्हाताऱ्यांसाठीची सीनिअर बस घ्यायची, दुपारच्या जेवणाला पोचायचं, शुभाताईंना भरवायचं आणि परतीच्या बसने घरी. गिळण्याचा व्यायाम शिकवणाऱ्या बाईची परवानगी काढून ते घरून डब्यात मऊ भात आणि दाट वरण आणत. शुभाताई तो भात ज्या घाईने खात, ते बघून त्यांना आधी बरं वाटलं, मग विचित्र वाटलं, आणि मग त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ही बाई सासरी आयुष्यभर सगळ्यांच्या शेवटी जेवली आणि कधी घास मोठा घेतला नाही. तिला इतकी भूक कशी लागते? दाट पाण्याचा तो बेचव पेला ती एका दमात कशी संपवते? अंगावरचे झगे सैल होत चालले होते. मनगटातली बांगडी हात वर केला की कोपरापर्यंत जायची.

"हे लोक तुला सकाळ-संध्याकाळ जेवायला देतात की नाही?" त्यांनी विचारलं.

"देतात हो. छान आहेत सगळ्या मुली."

"मग वजन का उतरतंय?"

"वयच आहे ते."

एवढ्यावर समाधान मानणारा माणूस अन्न निरीक्षक होत नाही. ते डायरेक्टरच्या खोलीत गेले. मिसेस डोनोव्हन नावाची ती बाई नेहमी उभी राहून हात मिळवायची, कँडीची वाटी पुढे करायची. पहिलं सूत्र त्यांना लगेच आठवलं. त्यांनी कँडी घेतली नाही.

"माझी बायको उपाशी राहते," ते इंग्रजीत म्हणाले.

"अरेरे! आम्ही नक्की लक्ष घालतो. सांगितल्याबद्दल खूप आभार, मिस्टर गर्गे."

लक्ष घातलं गेलं. आहारतज्ज्ञ बाई आली, तिनेही आभार मानले. नर्सने आभार मानले. त्यांनी पुन्हा तक्रार केली, पुन्हा आभार. शशिकांतरावांच्या सगळ्या नोकरीत त्यांच्यावर लोक ओरडले होते, एका हलवायाने झाराही उगारला होता. त्या सगळ्याशी लढता येत होतं. इथे भांडायला माणूसच सापडेना. घरी येऊन ते शिवांगीवर चिडत, ती काही बोलली नाही तर न बोलण्यावर चिडत.

"बाबा, तुम्ही रोज कम्प्लेंट केली तर ते लोक आईकडेच दुर्लक्ष करतील," केदार म्हणाला. "थोडं ॲडजस्ट करू या ना."

"तू ॲडजस्ट कर. तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत नाही जात."

शेवटी त्यांनी आपला जुना उपाय काढला: न कळवता जायचं. एका सकाळी केदार मेट्रोपार्क स्टेशनवर न्यूयॉर्कची गाडी पकडायला निघाला तेव्हा ते त्याच्या कारमध्ये जाऊन बसले. वाटेत नर्सिंग होमपाशी उतरले, मागच्या कॉरिडॉरने शुभाताईंच्या खोलीत शिरले, आणि दोन पलंगांच्या मधल्या पडद्याआड खुर्ची टाकून बसले. पलीकडच्या पलंगावरची इटालियन आजी झोपलेली होती. शुभाताई जाग्या होत्या. नवऱ्याचे बूट पडद्याखालून दिसत होते, पण त्या काही बोलल्या नाहीत. अशा वेळी न बोलण्याची त्यांना संसारभर सवय.

क्लॉडेट नावाची मदतनीस ट्रे घेऊन आली. हैतीची होती, आवाज गोड. तिने खिडकीचे पडदे उघडले, शुभाताईंचं तोंड पुसलं, केस नीट केले, पलंगाची पाठ उभी केली. शशिकांतरावांना यात नाव ठेवायला जागा मिळेना.

"ब्रेकफास्ट, मामा? ओटमील आहे. भरवू?"

शुभाताई हसल्या, मान हलवली. "नको, नको. नो, थँक यू."

"नक्की? भूक नाही?"

"नो, नो."

"ओके, स्वीटी. थोड्या वेळाने बघू." आणि क्लॉडेटने झाकण न उघडलेला ट्रे उचलला आणि ती पुढच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने ती खरंच डोकावली, बोटाच्या खुणेने 'काही हवं का' विचारलं. शुभाताईंनी पुन्हा हसून हात हलवला. झालं. सकाळचं जेवण संपलं.

शशिकांतराव पडद्याआडून बाहेर आले. "भूक नव्हती तुला?"

"होती की."

"मग नको का म्हणालीस?"

"असं कसं? पहिल्यांदाच हो म्हणायचं?" शुभाताईंना हा प्रश्नच विचित्र वाटला. "तिने नीट आग्रहच केला नाही. दारातूनच विचारून गेली. मीच कशी मागून घेऊ?"

ते मटकन खुर्चीत बसले. चोर पकडायला आले होते आणि हाती लागली ती बायकोची रीतभात. शुभाताईंचं माहेर वाईचं. घरी माणसांचा राबता, आणि पोरींना शिस्त अशी की पाहुण्यांकडे गेल्यावर पहिल्या विचारण्याला ताट पुढे केलं तर आईची एक नजर पुरे. पहिल्यांदा विचारतात ते रीत म्हणून. दुसऱ्यांदा विचारतात ते मनापासून आहे का बघायला. तिसऱ्यांदा वाढणारी हातात भांडं घेऊन वाकली की मग 'बरं, अगदी थोडं' म्हणायचं. आणि ती थोडं वाढत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुणी उपाशी राहत नाही. शुभाताईंनी याच पद्धतीने आयुष्यभर लोकांना पोटभर वाढलं होतं आणि याच पद्धतीने आता त्या पाच तारे मिळवलेल्या जागेत उपाशी राहत होत्या.

"भीड भिकेची बहीण, शुभा!" ते ओरडले. "ही लोकं परत विचारत नाहीत. इथे नको म्हणजे नको."

"मग त्यांना काही कळत नाही," शुभाताई शांतपणे म्हणाल्या.

त्यांनी बायकोला शिकवायचं ठरवलं. खोलीचं दार लावून तालीम झाली. ते क्लॉडेट झाले. "ब्रेकफास्ट?" शुभाताई म्हणाल्या, "एस." "पाणी?" "एस." "शाब्बास!" आणि दुसऱ्या दिवशी खरी क्लॉडेट ट्रे घेऊन दारात उभी राहिली की शुभाताईंच्या तोंडून हसत-हसत तेच ते. पालथ्या घड्यावर पाणी. "काय करू, तोंडातून निघतच नाही," त्या म्हणाल्या आणि रडल्या. शशिकांतरावांना त्यांचा राग आला, मग स्वतःच्या रागाचा राग आला.

बायको बदलत नाही म्हटल्यावर जागा बदलायला हवी. ते पुन्हा मिसेस डोनोव्हनकडे गेले, आग्रह म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा विचारा, एवढीच मागणी. या वेळी मात्र तिचं हसू जरा आखडलं.

"मिस्टर गर्गे, रहिवाशाला नकार द्यायचा हक्क आहे. तिने नको म्हटल्यावर आम्ही पुनःपुन्हा विचारत राहिलो, तर तो दबाव होतो. आम्ही तुमच्या पत्नीचा आदर करतो."

"आदर करून मारताय तिला," ते म्हणाले. मराठीत म्हणाले, कारण इंग्रजीत ते वाक्य त्यांना जमलं नाही. तिने त्याबद्दलही आभार मानले.

मग एके दिवशी नर्सिंग होममध्ये गडबड उडाली. नर्सेस भराभर चालू लागल्या, कॉरिडॉरमधल्या ढकलगाड्या गायब झाल्या, कुणीतरी भिंतीवरचं घड्याळ पुसायला लागलं. शशिकांतरावांना कुणी सांगायची गरज पडली नाही. हे दृश्य त्यांनी शेकडो दुकानांच्या दारात उभं राहून बघितलेलं. सरकारी तपासणी! स्टेटची माणसं न कळवता आली होती. त्यांच्या जिवात जीव आला. अखेर आपल्या जातीचं कुणीतरी.

इन्स्पेक्टर बाई मध्यम वयाची, सपाट बुटांची, गळ्यात ओळखपत्र. तिने कँडी घेतली नाही हे त्यांनी दुरून टिपलं आणि त्यांना ती आवडली. ती शुभाताईंच्या खोलीत आली तेव्हा त्यांनी उभं राहून सांगितलं, "मीही हेच काम करायचो. भारतात. सेम प्रोफेशन." ती खरोखर हसली. मग म्हणाली, "मला यांच्याशी थेट बोलायचंय. नियम आहे." तिने फोन लावला, स्पीकरवर ठेवला, आणि कुठून तरी एका दुभाष्याचा आवाज आला. मराठी, आणि चांगली मराठी.

"नमस्कार आजी. या मॅडम विचारतायत, तुम्हाला इथे वेळेवर जेवण-पाणी मिळतं का?"

"मिळतं हो. छान आहे सगळं."

"काही तक्रार?"

"छे, छे. मुली फार चांगल्या आहेत. बिचाऱ्या किती करतात."

"कधी उपाशी राहावं लागतं का?"

शुभाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते जीव तोडून मान हलवत होते: सांग, सांग. शुभाताई फोनकडे वळल्या. "नाही हो. तुमचं जेवण झालं का? कुठले तुम्ही?"

दुभाषा क्षणभर अडखळला. "मी नागपूरचा, आजी."

"अगंबाई, लांबचे."

ज्या घरी आपण जेवतो त्या घराची परक्यापुढे निंदा करायची नाही. हाही वाईचाच धडा. शशिकांतराव मध्ये पडले, म्हणाले की ती खोटं बोलतेय, म्हणजे खोटं नाही, पण ते खरं नाही. इन्स्पेक्टर बाईने ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "सर, तुम्हीही या कामात होतात. रहिवासी स्वतः बोलू शकत असेल तर तिचा शब्द पहिला. तुम्ही काय केलं असतं?" त्यांनीही हेच केलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्या दिवशी ते परतीच्या बसमध्ये ड्रायव्हरशी भांडले, एसी जास्त आहे म्हणून.

पण बाई निरीक्षक होती आणि चांगली होती. जाता-जाता तिने मिसेस डोनोव्हनला एवढंच विचारलं की वजन घटतंय, त्यावर तुमचा उपाय काय? उपाय नव्हता. तेव्हा मिसेस डोनोव्हनला एकदम शशिकांतरावांचा उपाय आठवला. पुढच्याच आठवड्यात शुभाताईंच्या पलंगाच्या वर भिंतीला एक मोठा कागद लागला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं: या रहिवाशाचा पहिला नकार म्हणजे नकार नव्हे. कृपया तिसऱ्यांदा विचारा. खाली कुणीतरी हसरा चेहरा काढला होता.

आणि चालू लागलं की ते! क्लॉडेट आता ट्रे घेऊन पलंगाशी वाकायची. "ब्रेकफास्ट, मामा?" नको. "प्लीज, मामा?" पुरे गं. "फॉर मी, मामा?" "बरं, अगदी थोडं." आणि शुभाताई वाटीभर ओटमील खायच्या. संध्याकाळच्या मुलीही शिकल्या. शशिकांतराव प्रत्येक नव्या मदतनिसाला कॉरिडॉरमध्ये गाठून प्रात्यक्षिक देत: कसं वाकायचं, चमचा कसा पुढे धरायचा, तिसऱ्यांदा आवाज कसा ठेवायचा. मिसेस डोनोव्हनने मीटिंगमध्ये त्यांचं कौतुक केलं. त्यांनी पहिल्यांदाच तिच्या वाटीतली एक कँडी घेतली. बोट त्यांनी त्या दिवशी कशाखालूनच फिरवलं नाही.

हे सुख थोडेच दिवस टिकलं. तोवर अशक्तपणा फार खोल गेला होता. चार घास पोटात जाऊ लागले, पण गिळायची ताकद कमी पडायला लागली. ठसके वाढले, न्यूमोनिया झाला, हॉस्पिटलची वारी झाली, परत आल्यावर शुभाताई उशीत आणखी रुतल्या. सुरुवातीचे ते महिने फुकट गेले नसते तर, हा विचार शशिकांतरावांना बसमध्ये, अंघोळीत, जेवताना छळायचा. तो विचार ऐकवायला जबाबदार माणूस एकही नव्हता. सगळे आदर करत होते.

मग डॉक्टरांनी नळीचं काढलं. डॉक्टर म्हणजे मिहीर शहा, इथेच न्यू जर्सीत जन्मलेला गुजराती मुलगा. मराठी येत नसे, हिंदी तोडकीमोडकी, पण शुभाताईंना तो 'आँटी' म्हणायचा आणि त्या त्याला 'बाळा'. त्याचं म्हणणं, तोंडाने खाणं आता पुरेसं होणार नाही आणि धोक्याचं आहे. पोटातून नळी घालू, अन्न थेट जाईल. केदारला ते पटलं. शशिकांतरावांना पटलंही आणि नाहीही. त्यांनी फक्त एक म्हटलं: "तिला विचारा. तिचं पोट आहे."

म्हणून सगळे तिच्या खोलीत जमले. केदार ऑफिसला न जाता आलेला. मिसेस डोनोव्हन, क्लॉडेट, डॉक्टर. केदारने आईला मराठीत समजावलं. "आई, एक छोटीशी प्रोसिजर आहे. छोटी नळी. त्याने तुला ताकद येईल. डॉक्टर मिहीर म्हणतात की करायला हवं."

डॉक्टर खुर्ची ओढून पलंगाला खेटून बसला. "आँटी, पेट में छोटी सी नली. ठीक है?"

शुभाताईंनी मान हलवली. "नको."

शशिकांतरावांच्या छातीवरचं एक ओझं उतरलं, आणि त्याच क्षणी दुसरं चढलं. नळी नाही, तर मग काय?

डॉक्टरने वर भिंतीकडे पाहिलं. कागद तिथेच होता. त्याने शशिकांतरावांकडे बघून मान डोलावली. तुमचा नियम मी पाळतोय, असं सांगणारी ती नजर होती. मुलगा मनाने खरंच चांगला. "आँटी, प्लीज. आप के लिए अच्छा है."

"नको रे बाळा. पुरे झालं आता."

डॉक्टर आणखी वाकला. त्याने त्यांचा चालणारा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "मेरे लिए, आँटी. थोडा सा."

शुभाताईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. एवढा शिकलेला मुलगा, कुणाचा तरी लेक, हातात हात घेऊन तिसऱ्यांदा विचारतोय. त्यांचा चेहरा सैल झाला.

"बरं," त्या म्हणाल्या. "तू एवढं म्हणतोयस तर. अगदी थोडं."

क्लॉडेटने टाळी वाजवली. केदारने डोळे पुसले. "शी सेड यस. बाबा, आई हो म्हणाली."

"तो होकार नाही!" शशिकांतराव ओरडले. "दॅट इज नॉट यस!"

"पण मिस्टर गर्गे," मिसेस डोनोव्हन हळूच म्हणाली, "तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत."

"ते जेवणाचं होतं! जेवणाचं!"

"बाबा, इनफ," केदार म्हणाला. "इतके महिने तुम्ही सगळ्यांशी भांडलात, तिचं 'नको' खरं मानू नका म्हणून. आता ती हो म्हणतेय, तर तेही खरं नाही? मग खरं काय? तिने उपाशी मरायचं का?"

शशिकांतरावांनी डॉक्टरला खुर्चीवरून उठायला लावलं आणि ते स्वतः पलंगाशी गेले. वाकले नाहीत, हात धरला नाही, आवाजही गोड केला नाही.

"शुभा, पोटाला भोक पाडणार आहेत. मशीनने अन्न घालणार. तोंडाने वरणभात बंद, पाणीसुद्धा. हवंय का?"

"नको," शुभाताई म्हणाल्या. या वेळी त्या हसल्या नाहीत.

तो नकार ते ओळखत होते. जगात नवरा हा एकच माणूस असा होता, ज्याच्याशी शुभाताईंनी कधी रीतभात पाळली नव्हती. त्याला त्या पहिल्या झटक्यात सांगत. न विचारता आणलेली साडी त्याला परत करायला लावत, भाजी बिघडली की त्याच्यावरच ओरडत, आणि 'नको' म्हटलं की ते 'नको'च असे. सगळी हयात तपासण्या केलेल्या माणसाला आणखी पुरावा लागत नव्हता. नळी नको याचा अर्थ काय होतो, तेही त्यांना कळत होतं. पलंगाचा दांडा धरून ते वाकले, आणि त्यांनी तिचा हात धरला.

"अगं, जरा विचार कर," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "केदारसाठी. इशितासाठी. माझ्यासाठी म्हणून तरी..."

शुभाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"आता तुम्हीसुद्धा तीनदा विचारणार का मला?"

केदारने तोंड फिरवलं. त्याला मराठी येत होती. डॉक्टरला येत नव्हती, तो एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता.

"काय म्हणाल्या आँटी?"

शशिकांतरावांनी तिचा हात सोडला नाही. "नाही म्हणाली," ते इंग्रजीत म्हणाले. "शी सेड नो. एकदा म्हणाली. पुरे." आणि खुर्चीसाठी मागे न बघता ते तिथेच पलंगाच्या कडेवर बसले.